कायमचे बंद

घड्याळवाल्या काकांनी बाबांचं घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. दहीपुलाजवळच्या बोळातलं ते दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत उभी राहिली तर तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. काचेचं काउंटर, त्याखाली जुने पट्टे, सेलच्या पुड्या, डबीत वेगवेगळ्या चाव्या, आणि भिंतीवर दुरुस्तीला आलेली पंधरा-वीस घड्याळं, प्रत्येकाची टिकटिक वेगळी. "तेल सुकलंय," ते म्हणाले. "कपाटात ठेवून दिलं होतं ना? जनता आहे हे एचएमटीचं, सहजी मरत नाही. ठेवून जा." लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत त्यांनी तारीख, नाव, घड्याळ असं सगळं एका ओळीत लिहिलं. मग मी पर्समधून आईचं घड्याळ काढलं. हरभऱ्याच्या डाळीएवढी डायल असलेलं लेडीज घड्याळ, तिच्या लग्नातलं. त्यांनी ते हातात घेतलंच नाही. "बारीक काम सोडलं ताई मी. हात चालत नाही पूर्वीसारखा. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण त्यांच्या लक्षात येतं हो. बघा ना, यायचेच बंद झाले." हे सांगताना त्यांनी उजवा हात काउंटरखाली घेतला.

मी गप्प राहिले. मला जे माहीत होतं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि कसं सांगावं ते कळेना. घरून निघताना मेन रोडला गर्दी किती आहे ते बघायला मी मोबाइलवरचा नकाशा उघडला होता. त्या बोळावर बोट टेकवलं तर काकांच्या दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरांत दोन शब्द: कायमचे बंद. पोटात धस्स झालं. वाटलं, गेले काका. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, अधूनमधून दम लागायचा, कुणी कळवणार तरी कुणाला? शेजारच्या भांड्यांच्या दुकानात विचारावं, जमलं तर घरच्यांना भेटून यावं, असं ठरवून गेले, तर शटर वर, दिवा लागलेला आणि डोळ्याला भिंग लावून काका बसलेले. मी लहानपणापासून त्या बोळातून जाते म्हणून पाय तिकडे वळले. गंगापूर रोडच्या एखाद्या नव्या सोसायटीतल्या माणसानं आजोबांचं घड्याळ दुरुस्त करायला दुकान शोधलं असतं, तर ते दोन लाल शब्द वाचून तो पुढच्या नावाकडे गेला असता. त्याला शंका यायचंही कारण नव्हतं.

रात्री जेवताना मी हे सांगितलं. ओंकार, माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्याकडेच राहतो. त्याचा भाकरी मोडणारा हात थांबला. मग तो हसला. मित्राला पाठीवर थाप मारून सांगावं तसं त्यानं सांगितलं, की ते त्यानं आणि त्याच्या चार मित्रांनी केलं होतं. काकांच्या पायरीला लागून गाड्या लावल्या म्हणून काका चारचौघांत ओरडले होते. मग टपरीवर चहा घेता घेता पाच जणांनी पाच फोनवरून 'बदल सुचवा' दाबून दुकान बंद पडल्याचं कळवलं. दोन दिवसांत नाव लाल झालं. त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरला, हशा पिकला, विषय संपला.

"अगं मावशी, टाइमपास होता."

मी ओरडले नाही. ओरडायला पाहिजे होतं असं नंतर वाटलं, पण त्या क्षणी मला त्याचा चेहरा इतका निष्पाप दिसला, की शब्दच सुचेना. तो मला समजावत राहिला. जगभर लोक हे करतात म्हणाला. बर्लिनच्या एका कलाकाराचा व्हिडिओ दाखवला. सिमॉन वेकर्ट त्याचं नाव, २०२०च्या फेब्रुवारीतला. एका छोट्या हातगाडीत ९९ जुने स्मार्टफोन भरून तो रिकाम्या रस्त्यानं चालत निघतो. नकाशाला वाटतं, इथं ९९ गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतायत. हिरवा रस्ता लाल होतो. मग ओंकारनं अमेरिकेच्या संसदेतली डिसेंबर २०१८ची ती चौकशी काढली. सुंदर पिचाई समोर बसलेत आणि एक सदस्य बाई विचारतायत, की 'इडियट' हा शब्द टाकला की चित्रांमध्ये ट्रम्प साहेब का येतात. "बघ, एवढ्या मोठ्या माणसालाही सोडत नाहीत," तो म्हणाला. काकांचं नाव त्या यादीत कसं बसतं, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

आणि मी तरी कुठल्या तोंडानं विचारणार होते? २००३च्या डिसेंबरात मी स्वतः कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत पोट धरून हसलेली आहे. तेव्हा मी ग्रंथालयशास्त्र शिकत होते. प्लायवूडची खोपटी, अक्षरं पुसलेले कीबोर्ड, तापलेल्या मॉनिटरचा वास आणि मालकानं सकाळी लावलेल्या उदबत्तीची राख. कुणीतरी ओरडलं, "मिझरेबल फेल्युअर टाका गुगलवर!" दारुण अपयश. आम्ही टाकलं, आणि पहिलं पान उघडलं ते थेट व्हाइट हाऊसचं, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचा अधिकृत परिचय. त्या वर्षी इराकमध्ये युद्ध सुरू झालं होतं. पाचसहा खोपट्यांतून माना बाहेर आल्या आणि सगळं कॅफे हसलं. जगातल्या सगळ्यांत ताकदवान माणसाच्या घरावर कुणीतरी खडूनं लिहून पळून गेलं होतं, आणि फौजफाटा असूनही त्याला ते पुसता येत नव्हतं. ते हसू मी आजही मागे घेणार नाही. पण ओंकारच्या हसण्यात मला त्याच हसण्याचा आवाज ऐकू आला, आणि तेव्हापासून मला चैन नाही.

ती गंमत कशी घडली हे आमच्या सरांनी दुसऱ्याच दिवशी वर्गात फळ्यावर काढून दाखवलं होतं. आधीची सर्च इंजिनं, अल्टाव्हिस्टासारखी, मुख्यतः पानावर कुठले शब्द आहेत ते बघायची. मग लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवायचे. वाचणाऱ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो. स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी १९९६च्या सुमारास दुसरा विचार केला. पान स्वतःबद्दल काय म्हणतं ते राहू दे, बाकीची पानं त्याच्याकडे बोट दाखवतात का ते बघू. आणि बोट दाखवणाऱ्याकडे स्वतः कितीजण बोट दाखवतात तेही बघू, म्हणजे वजनदार माणसाचा शब्द जास्त मोलाचा ठरेल. एकानं दहा जणांकडे बोट दाखवलं तर त्याचं वजन दहांत वाटलं जाईल. सर सांगत, कल्पना करा, एक माणूस इंटरनेटवर नुसता भटकतोय. शंभरातल्या पंचाऐंशी वेळा तो समोरच्या कुठल्यातरी लिंकवर जातो, पंधरा वेळा कंटाळून भलतीकडेच उडी मारतो. असा तो भटकत राहिला तर ज्या पानावर तो वारंवार सापडेल ते पान वर. १९९८मध्ये त्यांनी हे निबंधात मांडलं आणि त्याच वर्षी गुगल कंपनी सुरू झाली.

आम्हा ग्रंथालयवाल्यांना ही कल्पना घरचीच वाटली. युजीन गारफील्ड यांनी १९६०च्या दशकात विज्ञानातल्या निबंधांची संदर्भसूची काढली, ती याच पायावर. कुठल्या निबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांनी केला, यावरून त्याचं महत्त्व ताडायचं. पेज आणि ब्रिन यांच्या मांडणीतही त्याच परंपरेचा धागा आहे. आणि संदर्भसूचीवर पहिल्यापासून एक आक्षेप आहे, तोही आम्हाला परीक्षेला असायचा. एखाद्याचा उल्लेख मान द्यायला केलाय की चूक दाखवायला, हे मोजणाऱ्याला कळत नाही. त्याला फक्त बोट दिसतं. बोटामागचा चेहरा दिसत नाही.

खरी फट मात्र आणखी एका चांगल्या हेतूत होती. लिंकवर जे शब्द लिहिलेले असतात ते गुगलनं त्या पलीकडच्या पानाच्या खात्यावर जमा केले. मी माझ्या पानावर 'येवल्याची पैठणी' असं लिहून एखाद्या विणकराच्या पानाची लिंक दिली, तर त्याच्या पानावर नुसते फोटो असले, हे शब्द कुठे नसले, तरी यंत्राला कळेल की इथं पैठणी आहे. किती शहाणपणाचं आहे हे! माणूस स्वतःची ओळख नीट करून देत नाही, शेजारी देतात. बुश यांच्या परिचयात 'दारुण' नव्हतं की 'अपयश' नव्हतं. काही ब्लॉगवाल्यांनी ठरवून ते दोन शब्द लिहिले आणि लिंक त्या पानाची दिली. यंत्रानं शेजाऱ्यांवर विश्वास ठेवला. ही युक्ती त्याआधी, २००१च्या एप्रिलमध्ये, ॲडम मॅथेस नावाच्या तरुणानं आपल्या एका मित्राची थट्टा करायला वापरली होती आणि तिला 'गुगल बाँब' हे नाव त्यानंच दिलं. सुरुवात म्हणजे दोन मित्रांमधली मस्करी. ओंकार आणि त्याच्या टपरीपासून फार लांबची नाही.

ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो सगळा वेळ थट्टेच्या मूडमध्ये नसतो, हे गृहीत धरल्याशिवाय काहीच चालत नाही. नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला तर हे शिकवावं लागत नाही. आमचा वाडा पंचवटीत होता. सकाळी दार उघडलं की ओट्यावर कुणीतरी गाठोडं घेऊन बसलेलं असायचंच. "बाळ, अमुक उपाध्ये कुठं राहतात?" बाहेरगावच्या माणसाला आपल्या घराण्याचा तीर्थोपाध्याय शोधायचा असतो, आणि त्याच्याकडे पत्ता नसतो. आडनाव असतं, गाव असतं आणि वडिलांनी कधीतरी सांगितलेलं एक नाव. तेवढ्यावर तो विचारत विचारत जायचा. दूधवाला फुलवालीकडे पाठवायचा, फुलवाली घाटावरच्या एखाद्या गुरुजींकडे, आणि शेवटी एका माजघरात लांबोडकी वही उघडली जायची. तिच्यात त्याच्या पणजोबाची सही असायची. मी असा एक म्हातारा बघितलाय, त्या मोडीतल्या सहीवरून बोट फिरवताना. त्याला मोडी वाचता येत नव्हती. तो नुसतं बोट फिरवत होता.

आणि १९९१च्या सिंहस्थात मी एका जोडप्याला चुकीचा रस्ता दाखवला.

मी दहा वर्षांची होते. श्रावणातली चिकचिक, रामकुंडाकडे जाणारा सगळा रस्ता ओल्या धोतरांनी, चेपलेल्या झेंडूंनी आणि केळीच्या सालांनी निसरडा झालेला, भोंग्यांवर हरवलेल्यांची नावं. आम्ही चार मुलं ओट्यावर बसून कंटाळलो होतो. परभणीकडचं एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांच्या हातात घामानं ओली झालेली चिठ्ठी. त्यांना हवं होतं ते घर आमच्यापासून तिसऱ्या बोळात होतं. मी तोंड गंभीर करून तपोवनाकडे बोट दाखवलं. "असंच सरळ जा, शेवटपर्यंत." बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या, एकानं तर "हो, हो, मी आत्ता तिकडूनच आलो" असंही सांगितलं. चौघांचं एकमत. त्यांनी शंका का घ्यावी? आजोबांनी बंडीच्या खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढून आम्हा चौघांच्या हातावर ठेवल्या. आजींनी माझ्या गालावरून हात फिरवून कानाशी बोटं मोडली. ते दोघं त्या गर्दीत शिरले आणि आम्ही हसत हसत गोळ्या चघळल्या. दोनेक किलोमीटर तरी चालले असतील. पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

बारा वर्षांनी, २००३च्या सिंहस्थात, २७ ऑगस्टला सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. त्याचा आणि माझ्या पोरखेळाचा काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी त्या दिवशी बातमी ऐकल्यावर डोळ्यांपुढे आधी आली ती चिठ्ठी. अरुंद बोळ, उतार, न संपणारी माणसं, आणि त्यात पुढच्याच्या सांगण्यावर पाऊल टाकणारा परगावचा माणूस. त्यानंतर कित्येक वर्षं मला पेपरमिंटचा वास नको व्हायचा. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मी कॅफेत हसत होते, हेही खरं आहे. दोन्ही एकाच मनात कशी मावली, सांगता येत नाही.

बुश यांच्या त्या पानाचं गुगलनं बराच काळ काही केलं नाही. २००५मध्ये त्यांनी उघड लिहिलं, की आम्ही निकाल हातानं बदलत नाही. ती भूमिका मला तेव्हा पटली होती. एकदा हातानं बदलायला लागलं की उद्या कुणाच्या सांगण्यावरून काय बदलतील? मग जानेवारी २००७मध्ये त्यांनी यंत्रालाच असे ठरवून टाकलेले बाँब ओळखायला शिकवलं. त्यामागचं त्यांनी दिलेलं कारण मी नीट लक्षात ठेवलंय. लोकांना हळूहळू वाटायला लागलं होतं, की हे गुगलचंच मत आहे. म्हणजे थट्टा करणारे कुठल्या कुठे गेले, आणि थट्टा यंत्राच्या तोंडचा निर्वाळा होऊन बसली. २००९मध्ये तर नवे राष्ट्राध्यक्ष आल्यावर जुन्या पानाचा पत्ता नव्या पानाकडे वळवला गेला, आणि बुश यांच्यासाठी जोडलेले जुने शब्द काही काळ ओबामांच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांनी काय केलं होतं? ते फक्त त्या पत्त्यावर राहायला आले होते.

राष्ट्राध्यक्षांना अशा थट्टेनं काही होत नाही. त्यांचं दुकान चालूच राहतं. भाषेलाही फार काही होत नसेल, पण लागतं. जून २०२१मध्ये 'भारतातली सगळ्यांत कुरूप भाषा' असं शोधलं की वर चौकटीत उत्तर यायचं, कन्नड. कुठल्यातरी एका फालतू पानावर कुणीतरी तसं लिहिलेलं, आणि यंत्रानं ते उचलून उत्तर म्हणून मांडलं. हल्मिडीचा शिलालेख पाचव्या शतकातला मानतात, म्हणजे दीड हजार वर्षांची लिहिती भाषा, आणि तिच्याबद्दल हे. गुगलनं माफी मागितली, चौकट काढली. मी त्या दिवशी मनात कन्नडच्या जागी मराठी ठेवून बघितलं आणि माझे कान तापले. काकांसारख्यांच्या बाबतीत मात्र माफी मागायला कुणी येत नाही, कारण काही घडलंय हे त्यांनाच कळत नाही. आमच्या ग्रंथालयातल्या एका सहकाऱ्यानं बँकेचा मदत क्रमांक शोधला आणि वर दिसलेल्या पहिल्याच नंबरावर फोन लावला. तो नंबर चोराचा होता. अठरा हजार गेले. १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करताना तो सारखा एकच वाक्य म्हणत होता, "पण मॅडम, पहिलाच होता हो तो." पोरांची मस्करी आणि त्या चोराची करणी, दोन्ही शिरतात त्या एकाच फटीतून. पहिला असला म्हणजे बरोबर असणार, हा आपला भाबडा हिशेब. मला तो भाबडेपणा वाईट वाटत नाही. त्या आजोबांनी चार मुलांचं ऐकलं त्यात त्यांची काय चूक?

लिंकच्या व्यवहारात यावर एक उपाय काढलेला आहे, आणि मला तो फार आवडतो. २००५च्या जानेवारीपासून लिंकला 'नोफॉलो' अशी खूण जोडता येते. मी इकडे बोट दाखवतोय, पण जामीन राहत नाही, एवढाच तिचा अर्थ. यंत्राला सांगायचं, हे बोट मोजू नको. मुख्यतः दुसऱ्याच्या ब्लॉगखाली कुणीही येऊन काहीही लिंक चिकटवून जाऊ नये म्हणून ती खूण काढली. पण मला नेहमी वाटतं, की अशी खूण निघावी लागली यातच कबुली आहे. एरवी दाखवलेलं प्रत्येक बोट म्हणजे जामीनच असतो.

गोदेला पूर आला की आम्ही नाशिककर एकमेकांना विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. क्युसेकचे आकडे पेपरात येतात, पण शहराचं माप तो मारुती. व्हॉट्सॲपवर दर पावसाळ्यात जुन्या पुराचे फोटो फिरतात, मारुती गळ्यापर्यंत बुडालेला, आणि लोक घाबरून फोन करतात. मग कुणीतरी छत्री घेऊन पुलावर जातो, डोळ्यांनी बघतो आणि परत येऊन सांगतो, "नाही, कंबरच आहे अजून." त्या मारुतीला पाच फोनवरून कुणी बुडवू शकत नाही. २००८च्या पुरात काकांच्या बोळात पाणी शिरलं होतं. शटरच्या आत, डाव्या हाताला, त्यांनी त्या पाण्याची रेघ निळ्या रंगानं आखून ठेवलीय. चिखल काढून चौथ्या दिवशी दुकान उघडलं, असं ते अभिमानानं सांगतात. गोदावरीला जे जमलं नाही ते पाच कप चहात झालं होतं.

ओंकारला मी दुसऱ्या दिवशी तपोवनाची गोष्ट सांगितली. कधी कुणाला सांगितली नव्हती. तो काही बोलला नाही, पण रात्री त्यानं मित्रांना फोन केले आणि पाचही जणांनी 'दुकान उघडं आहे' असं कळवलं. आठ दिवस झाले, काही हललं नाही. बंद करायला कुणाचंही बोट पुरलं होतं, पण उघडायला मालकच लागणार होता. दुकानावर हक्क सांगायचा, आणि त्यासाठी व्हिडिओ पाठवायचा: बोळ दिसला पाहिजे, पाटी दिसली पाहिजे, आतली हत्यारं दिसली पाहिजेत, आणि मालक स्वतःच्या किल्लीनं कुलूप उघडताना दिसला पाहिजे. म्हणजे काकांना सांगणं भाग होतं. बाबांचं घड्याळ आणायचंच होतं. ओंकारला म्हटलं, तू चल, फोन तूच धर.

काकांना मी सांगितलं, नकाशावर चुकून तुमचं दुकान बंद दाखवतंय. 'चुकून' हा शब्द माझ्या तोंडून आपोआप गेला. त्यांना नीट समजलं नसावं, पण मी सांगितलं तसं त्यांनी केलं. दुकानातून बाहेर आले, शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि पुन्हा उघडलं. किल्ली भोकात जायला तीन वेळा धडपडली. ओंकार न हलता फोन धरून उभा होता. मग आत, काउंटरवरचं भिंग, चिमटे, तेलाची सुईएवढी कुपी, निळी रेघ. काका मध्येच म्हणाले, "कुणी लिहिलं असेल हो बंद? मी तर रोज दहाला उघडतो." मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

ओंकारनं फोन खाली घेतला. "मी लिहिलं, काका. मी आणि माझे मित्र. तुम्ही गाडीवरून ओरडला होता ना, तेव्हा."

भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम मोठ्यानं वाजायला लागल्यासारखी झाली. मला वाटलं, आता ते चिडतील, आणि त्यांनी चिडावं असंही वाटत होतं. त्यांनी ओंकारकडे बघितलं, ओळख पटली की नाही कुणास ठाऊक.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"मागच्या वर्षी."

"अरे, दिवाळीच्या आधी की नंतर?"

"आधी. नवरात्रात. पाचवी-सहावी माळ असेल."

काकांनी लाल पुठ्ठ्याची वही ओढली, थुंकी लावून पानं मागे उलटली. भाद्रपदाची पानं गच्च भरलेली होती, ओळीला ओळ लागून. घटस्थापनेची तारीख त्यांनी बोटानं धरली आणि बोट खाली खाली आणलं. ओळी विरळ होत गेल्या. एका पानावर तर चारच होत्या. ते पान त्यांनी दोनदा मागे-पुढे केलं, पुन्हा मोजलं. "म्हणजे हाताचं नव्हतं," ते म्हणाले. आमच्याशी नाही, वहीशी. मग माझ्याकडे वळून, "ताई, ते लेडीज घड्याळ आणलंय का आज?"

आणलं नव्हतं. उद्या आणते म्हटलं. त्यांनी ड्रॉवरमधून बाबांचं घड्याळ काढलं, चावी दिली आणि कानाला लावून मला द्यायला हात पुढे केला, उजवा, काउंटरवरच्या दिव्याखाली. तो थोडासा थरथरत होता.